बारा काजांचा भात

म्हैसूरला हूटगळ्ळीच्या बाजूला, जिथे माझ्या लहानपणी नाचणीची शेतं होती, तिथे आता काचेच्या भिंतींची एक इमारत उभी आहे. कुठल्याशा खासगी संस्थेनं तिथे विज्ञानाचं दालन उघडलंय. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. भाची म्हणाली, "मावशी, तू बघायलाच हवंस," म्हणून बसनं गेले. आत गारेगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि शेवटच्या कोपऱ्यात 'आपल्या शहरातले शोध' असं लिहिलेलं एक काचेचं कपाट. त्या कपाटात आमच्या घरातलं सफरचंदाचं खोकं ठेवलेलं होतं.

इतक्या वर्षांनी पाहत होते, तरी ओळखायला क्षणही लागला नाही. तेच पिवळट लाकूड, त्यावर काश्मीरकडच्या कुणा व्यापाऱ्याचा पुसट शिक्का. आत राखी अस्तर, कुणाच्यातरी कोटातून उरलेलं. आणि उघड्या झाकणाच्या आतल्या बाजूला लाल, पिवळ्या, हिरव्या दोऱ्यांच्या बारीक टाक्यांच्या ओळीच्या ओळी. खाली पाटी होती. 'ऊब धरणारी अन्नपेटी, मूळ नमुना.' मग संशोधक म्हणून एका प्राध्यापकांचं नाव. आणि सर्वांत खाली, 'झाकणाच्या आत पारंपरिक सजावटीचं भरतकाम.'

सजावटीचं भरतकाम! मी ती ओळ तीनदा वाचली. कानशिलं तापली. टाके जवळून दिसावेत म्हणून काचेवर हात टेकवला, तर तिथल्या रखवालदारानं मला मागे सरायला सांगितलं.

त्या प्राध्यापकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते पुष्कळ ठिकाणी लिहून झालंय.

आमची गल्ली शिंप्यांची. राज्यं नव्यानं आखली जाऊन काही वर्षं झाली होती, पण राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. घरात मराठी बोलायचो, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. गल्लीच्या टोकाला विठोबाचं छोटं देऊळ, आणि देवळापासून आमच्या घरापर्यंत शिवणयंत्रांची घरघर. कोळशाच्या इस्त्रीखाली ओलं लोकरीचं कापड आलं की पावसात भिजलेल्या मेंढीसारखा वास सुटायचा. त्यात मल्लिगेच्या गजऱ्यांचा वास, शेजारच्या घरात वळल्या जाणाऱ्या उदबत्त्यांच्या ओल्या पिठाचा वास, आणि सगळ्यांवर सीमेएण्णेचा, म्हणजे रॉकेलचा. दसरा जवळ आला की कोटांची गर्दी व्हायची आणि आमच्या घरात पाऊल ठेवायला जागा नसायची. जमिनीवर सगळीकडे कापडाच्या चिंध्या. आम्ही मुलं त्यात लोळायचो.

काज-बटणांचं काम रखमाआत्याकडे. माझ्या वडिलांची, अण्णांची, ती थोरली बहीण. नंजनगूडला दिलेली, तिथून एक दिवस बसनं एकटीच परत आली आणि आमच्याकडेच राहिली. का, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही. गल्ली तिला रखमाक्का म्हणायची. खिडकीखाली पाय पसरून बसायची, दोरा मेणाच्या वडीवरून सर्रकन ओढायची आणि काज विणायला घ्यायची. तिचं काज इतकं सारखं असायचं की अण्णा गिऱ्हाइकाला कोट दाखवताना आधी काजं दाखवायचे. तिला अक्षरओळख नव्हती. घड्याळही कळत नव्हतं. ती वेळ काजांत मोजायची. "पुट्टी, दोन काजं होईतो दूध बघ हं," असं मला सांगायची. मला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. पुट्टीच म्हणायची, कन्नडमध्ये छोट्या मुलीला म्हणतात तसं.

त्या वर्षी सीमेएण्णेची टंचाई होती. रेशनच्या दुकानासमोर डबे रांगेत लावून बायका सावलीत बसायच्या आणि डबेच रांगेत पुढे सरकायचे. एका सकाळी डाळीला नुकती उकळी आली आणि स्टोव्ह फुर्रफुर्र करून विझला. घरात थेंब नाही. देवळात भजन सुरू व्हायचं होतं. आत्यानं वैतागून डाळीची तपेली झाकणासकट उचलली आणि कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगात खुपसली. वर आणखी चिंध्या लोटल्या आणि निघून गेली. भजन झालं, प्रसाद झाला, बायकांच्या गप्पा झाल्या. परत आलो तर तपेलीला हात लावणं मुश्कील. झाकण उघडलं, डाळ बोटानं चेपली. लोण्यासारखी!

दुसरी कुणी असती तर विठोबाची कृपा म्हणून हात जोडून मोकळी झाली असती. आत्यानंही हात जोडले. मग ढिगाशी बसली आणि मला म्हणाली, "पुट्टी, हे कसं झालं गं?"

शाळेत पुढे मी हजारो मुलींना उष्णता शिकवली. तो प्रश्न इतक्या सरळपणे विचारलेला मी पुन्हा ऐकला नाही.

बाजारातून तिनं सफरचंदाचं रिकामं खोकं आणलं. त्याला लाकडाचा आणि फळांचा असा मंद गोड वास होता, तो नंतर कितीतरी दिवस आमच्या भाताला येत राहिला. आणि मग तिनं जे केलं त्याला मी प्रयोगच म्हणते, दुसरा शब्द मला मान्य नाही. तिनं चिंध्या वेगळ्या केल्या. लोकरीच्या एका बाजूला, रेशमी दुसऱ्या, खळीच्या सुती तिसऱ्या. प्रत्येक ढिगात गरम पाण्याचा एकेक तांब्या खुपसला, दहा काजं विणली, मग तिन्ही तांब्यांत बोट बुडवून पाहिलं. लोकर जिंकली. खळीचं कापड हरलं. तेच कापड धुऊन, खळ काढून, कुस्करून भरलं तर बरंच सुधारलं. मग तिनं खोकं गच्च भरून पाहिलं, पायानं दाबून. जास्त कापड म्हणजे जास्त ऊब, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तपेली लवकर गार झाली. सैल भरलं, तर संध्याकाळपर्यंत चटका बसत होता.

"कापड ऊब धरत नाही, पुट्टी," ती एका दुपारी सुई दातात धरून म्हणाली. "कापडात हवा अडकते, ती धरते. दाबलं की हवा जाते. मग काय राहिलं? नुसतं कापड."

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. जाळाबद्दलही तिनं स्वतःच ताडलं. तांदूळ शिजायला जाळ लागत नाही, उकळत्या पाण्याची ऊब लागते. एकदा उकळी आली की त्यानंतर आपण जे जाळतो ते पातेल्यातून पळून जाणाऱ्या उष्णतेची भरपाई म्हणून. तिला पळूच दिलं नाही तर भरपाईची गरज काय? तपेली अर्धी असली तर जमत नाही, काठोकाठ हवी. थोड्या पाण्यात थोडीच ऊब मावते. वाफेनं चिंध्या ओल्या झाल्या की पेटी आंधळी होते, ऊब धरत नाही, म्हणून तपेलीला जाड कापडाची पिशवी. आणि उघडल्यावर डाळ नुसती कोमट निघाली तर पुन्हा उकळी आणल्याशिवाय कुणाला वाढायची नाही. हा तिचा नियम होता, आणि त्या बाबतीत ती अण्णांचंही ऐकायची नाही.

हे सगळं तिनं टिपून ठेवलं. लिहिता येत नव्हतं, पण शिवता येत होतं. झाकणाच्या अस्तरावर भातासाठी लाल दोरा, तुरीच्या डाळीसाठी पिवळा, हुरळीसाठी, म्हणजे कुळथासाठी, हिरवा. एक टाका म्हणजे एक काज. पदार्थ शिजला तर ओळीच्या शेवटी गाठ, कच्चा राहिला तर फुली. लाल ओळी आधी आठ टाक्यांच्या, फुलीच्या. मग दहाच्या, फुलीच्या. मग बाराच्या, आणि गाठ. त्यानंतर सगळ्या बाराच्याच. हीच ती सजावट.

प्राध्यापक आमच्याकडे कोट शिवायला आले होते. माप देता देता त्यांना सारूचा, म्हणजे पातळ आमटीचा, वास आला, आणि चूल-स्टोव्ह काही पेटलेलं दिसेना. अण्णांनी कौतुकानं पेटी दाखवली. त्यानंतर चार रविवार ते आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात थर्मामीटर. मोरीजवळच्या चटईवर मांडी घालून बसायचे, आत्या सांगेल ते वहीत उतरवायचे, घड्याळ लावून एक काज किती मिनिटांचं ते मोजायचे. आत्या त्यांना पितळी लोट्यात कॉफी द्यायची आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायची. ती इतकी बोलताना मी कधी पाहिली नव्हती. गाल लाल व्हायचे तिचे.

शेवटच्या रविवारी ते म्हणाले, "अम्मा, आठ दिवसांसाठी पेटी नेऊ का? कॉलेजात नीट तपासतो."

आत्यानं विचारलं, "आणि लोकांना दाखवलंत तर, सार?"

"निम्म हेसरे हाक्तीनि, अम्मा," ते म्हणाले. तुमचंच नाव घालीन.

मी तिथेच होते. ते वाक्य मी या कानांनी ऐकलंय.

आठ दिवस झाले. महिना झाला. अण्णा दोनदा कॉलेजात जाऊन आले, पहिल्यांदा साहेब वर्गात होते, दुसऱ्यांदा परगावी. त्यांचा कोट शिवून झाला होता, तो त्यांनी माणूस पाठवून नेला.

मग दसरा आला, मैदानावर प्रदर्शन भरलं, आणि गल्लीत कुणीतरी बातमी आणली की रखमाक्काची पेटी तिथे मांडलीय. आत्यानं हिरवं काठाचं लुगडं नेसलं, माझ्या वेणीत अबोली माळली आणि आम्ही दोघी निघालो. धूळ, भाजलेल्या शेंगा, कर्ण्यातून येणारी गाणी. त्या कॉलेजच्या स्टॉलवर नव्या प्लायवूडची, पॉलिश केलेली, पितळी कडीची पेटी होती. आमचं खोकं कुठेच नव्हतं. वर निळ्या रंगात मोठी पाटी.

"वाच ना, पुट्टी," आत्या म्हणाली. "काय लिहिलंय?"

मी पाचवीत होते. कन्नड मला चांगलं वाचता येत होतं. पाटीवर पेटीचं नाव होतं, कॉलेजचं नाव होतं, आणि प्राध्यापकांचं नाव होतं. मी वर पाहिलं. आत्याचा चेहरा... ती ओठ किंचित उघडे ठेवून, पाटीवरच्या त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे असं पाहत होती, की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "संशोधक, रखमाबाई पिसे."

"कुठं? कुठलं गं?"

मी बोट दाखवलं. तिनं लांबूनच त्या अक्षरांना नमस्कार केला.

त्या आठवड्यात तिनं ते गल्लीभर सांगितलं. देवळात सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं. अण्णा समोर आले की मी लपून बसायचे, कारण अण्णांना वाचता येत होतं. पण दसऱ्याच्या कामात त्यांना मान वर करायला सवड नव्हती. आणि रविवारी आत्या गल्लीतल्या पाच बायकांना घेऊन पुन्हा प्रदर्शनात निघाली. मीही बरोबर, माझा हात तिच्या हातात घट्ट.

स्टॉलवर कॉलेजातली एक मुलगी लोकांना पेटी समजावत होती. भात लावून तास झाला होता आणि गर्दी थांबली होती. आत्या पुढे झाली आणि हसत म्हणाली, "ही पेटी माझी हं. ते वर माझंच नाव आहे."

मुलगी गोंधळली. उद्धट नव्हती ती, नुसती गोंधळली. तिनं मागे वळून पाटी मोठ्यानं वाचली. प्रत्येक शब्द, प्राध्यापकांच्या पदव्यांसकट. गर्दीत कुणीतरी हसलं. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आत्यानं माझा हात सोडला नाही. तिनं फक्त मान खाली करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी रडायला लागले.

तेवढ्यात मुलीनं पेटी उघडली, तपेली काढली, डावानं भात ढवळला. पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं चार शितं तोंडात टाकली आणि थुंकली. "अय्यो, अक्की बेंदिल्लम्मा!" तांदूळ कच्चे. लोक खो-खो हसले. मुलगी रडकुंडीला आली.

मला वाटलं, बरं झालं! मनापासून वाटलं. हसा, आणखी हसा.

आत्यानं माझा हात सोडला, पदर खोचला आणि सरळ टेबलामागे गेली. पेटीत बोटं घातली. कापूस गादीसारखा गच्च ठासून भरला होता. तिनं मूठमूठ ओढून बाहेर काढला, निम्म्याहून जास्त, पिंजून मोकळा केला, परत सैल भरला. मुलीला म्हणाली, "उकळी आण. चांगली खळखळून." तपेली भरली, टेबलावरच्या कापडाची घडी करून वर ठेवली, झाकण लावलं. मग कनवटीची सुई-दोऱ्याची पुडी काढली आणि तिथेच खुर्चीवर बसून एका चिंधीवर काजं विणू लागली. बारा. लोक थांबले. जाऊन परत आले. बारावं काज झाल्यावर तिनं झाकण उघडलं. वाफेचा लोट आला, आणि त्या पहिल्या बाईनंच पानावर भात घेतला.

"यारम्मा नीवु?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. कोण हो तुम्ही?

"काज-बटण करते," आत्या म्हणाली, आणि आम्ही निघालो.

त्या दुपारी परीक्षक आले होते. शिजलेला भात त्यांनी खाल्ला, आणि पदक प्राध्यापकांना मिळालं. अण्णांनी ते पेपरात वाचलं आणि पेपर चुरगळून इस्त्रीच्या निखाऱ्यांवर टाकला. मी आत्याशी भांडले. पाय आपटून भांडले. "तू का नीट करून दिलंस? कच्चाच राहू द्यायचा होतास!"

"पेटी माझी," ती म्हणाली. "नाव त्यांचं लावलं म्हणून मी तिला चार लोकांत पडू देऊ?"

मग थोड्या वेळानं, दोरा मेणावरून ओढत, "तू खोटं का वाचलंस, पुट्टी?"

हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी पाटी-पेन्सिल पुढ्यात घेऊन बसली आणि म्हणाली, "दाखव. आता माझं मी वाचीन."

तो सगळा हिवाळा आम्ही अक्षरं काढली, कन्नडही आणि मराठीही. संध्याकाळी ती मला घेऊन गावभर हिंडायची आणि पाट्या वाचायची. सायकलचं दुकान, दातांचा दवाखाना, हिनकलला जाणाऱ्या बसची पाटी. चुकली की मागे येऊन पुन्हा वाचायची. कुणाच्या नावापुढे काय लिहिलंय ते फार बारकाईनं बघायची. गल्लीतल्या आठ घरांना तिनं नव्या पेट्या करून दिल्या, प्रत्येक मागच्यापेक्षा जरा बरी. मग गॅस आला. पेट्यांत लोक जुने कपडे ठेवू लागले. यंत्रं थांबली, तयार कपड्यांची दुकानं आली, ओल्या लोकरीचा तो वास कुठे गेला कुणास ठाऊक. आत्या गेली तेव्हा पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. प्राध्यापक गेले तेव्हा अर्धं पान होतं, आणि त्यात पेटीचा फोटो.

परवा मी त्या दालनाच्या व्यवस्थापकाला शोधून काढलं. तिशीचा, सभ्य मुलगा. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मॅडम, बेजार माडकोबेडी, वाईट वाटून घेऊ नका. पण काही डॉक्युमेंट इद्या? आहे का?"

"कपाटात आहे," मी म्हटलं. त्याला ओढतच काचेपाशी नेलं. लाल टाके मोजून दाखवले, आठ आणि फुली, दहा आणि फुली, बारा आणि गाठ. पिवळे मोजले. हिरवे मोजले. "हे भरतकाम आहे? तुमच्याकडे प्रयोगाच्या वहीला भरतकाम म्हणतात का?"

त्यानं खरंच वाकून पाहिलं. मोबाइलवर फोटोही काढला. मग म्हणाला, समितीपुढे ठेवतो. समिती वर्षातून एकदा बसते.

माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं, कारण नंजनगूडच्या एका सरकारी शाळेची मुलं सहलीला आली होती आणि ती सगळी बाकीचं दालन सोडून आमच्याभोवती उभी होती. एका मुलानं विचारलं, या खोक्यात खरंच भात शिजायचा? जाळाशिवाय? मी त्यांना जमिनीवर बसवलं आणि सांगितलं. पळून जाणारी उष्णता, अडकलेली हवा, सैल भरणं, काठोकाठ तपेली. कुणी स्वेटर काढून चाचपू लागलं. एकीनं विचारलं, मग लोकरीत बर्फ गुंडाळला तर? "तूच सांग," मी म्हटलं, आणि तिनं जरा थांबून बरोबर सांगितलं. ऊब आत शिरायलाही तेवढाच त्रास होणार, म्हणून बर्फ टिकणार.

त्यांच्या बाई म्हणाल्या, "मिस, ज्यांनी केलं त्यांचं हेसरु हेळि. मक्कळु बर्कोळ्ळलि." नाव सांगा, मुलं लिहून घेतील.

व्यवस्थापक तिथेच उभा होता. पाटी त्याच्या डोक्यामागे होती. मी मोठ्यानं सांगितलं, रखमाबाई पिसे, मुक्काम म्हैसूर, काज-बटणाचं काम करणाऱ्या. सगळ्या माना वह्यांवर वाकल्या. मी उठले आणि एकेक वही पाहत निघाले. एका मुलीनं 'रकमाबाई' लिहिलं होतं. मी तिच्याजवळ खाली बसले, 'क' खोडायला लावला, 'ख' काढून दाखवला, आणि तिनं तो नीट काढेपर्यंत उठले नाही.